पोरांची पहिली बुद्धिबळ स्पर्धा: कोल्हापुरातल्या नव्या आईबाबांसाठी फॉर्म भरण्यापासून शेवटच्या फेरीपर्यंत

माझी पोरगी आठ वर्षांची असताना पहिल्यांदा स्पर्धेला बसली आणि दुसऱ्या फेरीत जिंकत आलेला डाव हरून बाहेर आली. तिचं प्यादं शेवटच्या पट्टीत पोचलं होतं, पण तिचा वजीर आधीच मारला गेला होता आणि तो समोरच्या मुलाच्या हाताशी पडला होता. तिनं प्यादं तसंच ठेवलं, तोंडानं "वजीर" म्हणाली आणि घड्याळ दाबलं, म्हणजे आपला वेळ थांबवून समोरच्याचा सुरू केला. समोरच्यानं हात वर केला, पंच आले, बघितलं, बेकायदा चाल म्हणाले, आणि त्या डावातली तिची ती दुसरी बेकायदा चाल होती म्हणून डाव तिथंच संपला. पंचांचं काही चुकलं नव्हतं, नियम तसाच आहे. त्या मुलाचंही चुकलं नव्हतं. मी तिला महिनाभर ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चाली, शिकवत बसले होते आणि घड्याळ थांबवून "सर, वजीर पाहिजे" एवढं म्हणायचं असतं हे कुणी तिला सांगितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून आजपर्यंत बऱ्याच स्पर्धांना हॉलच्या बाहेर बसले, दोन-तीन वेळा आयोजकांना टेबलावर मदत पण केली, आणि एक गोष्ट परत परत बघितली की नवीन पोरं चाल सुचत नाही म्हणून जेवढी हरतात त्यापेक्षा जास्त पद्धत माहीत नाही म्हणून हरतात. आत तुम्ही नसता. पोराला स्वतःच बोलावं लागतं. म्हणून हे सगळं लिहून काढतेय, क्रमानं.

आधी स्पर्धा कुठली ते बघा

आपल्याकडं पोरांच्या स्पर्धा साधारण तीन प्रकारच्या असतात. पहिली सरकारी शालेय क्रीडा स्पर्धा, ही जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातर्फे होते. शहरातल्या शाळांची महानगरपालिका पातळीवर, बाकीच्यांची तालुक्याला, मग जिल्हा, विभाग, राज्य अशी वर चढत जाते. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील, मुलं मुली वेगळे. यात घरून फॉर्म भरता येत नाही, नाव शाळेकडूनच जातं, त्यामुळं शाळा सुरू झाल्या झाल्या पीटीच्या सरांना गाठा आणि "आमचं पोरगं बुद्धिबळ खेळतं" हे त्यांच्या कानावर घाला. बऱ्याच शाळांत सरांना माहीतच नसतं की वर्गात कोण खेळतंय, आणि तारीख निघून गेल्यावर कुणाच्या हातात काही राहत नाही.

दुसरी म्हणजे क्लब, मंडळं, क्लासवाले, जिल्हा संघटना यांच्या एक-दोन दिवसांच्या वयोगट स्पर्धा. एखाद्या शाळेचा हॉल नाहीतर मंगल कार्यालय, सकाळी नऊला सुरू, संध्याकाळी बक्षीस वाटप. कोल्हापुरात असतातच, शिवाय इचलकरंजी, जयसिंगपूर, गडहिंग्लज इकडंही होत राहतात, आणि सांगली तर तासाभरावर आहे, तिथं नूतन बुद्धिबळ मंडळाची जुनी परंपरा आहे आणि नामवंत बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे-ठिपसे तिथल्याच. पहिली स्पर्धा याच प्रकारातली खेळवा असं माझं स्पष्ट मत आहे. जवळची, एका दिवसाची, फी परवडणारी.

तिसरी निवड स्पर्धा आणि फिडे रेटिंग स्पर्धा. फिडे म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ, आणि रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा. जिल्ह्यातून राज्याला आणि राज्यातून राष्ट्रीय स्पर्धेला जाण्यासाठीची निवड ७, ९, ११, १३, १५, १७, १९ वर्षांखालील अशा गटांत होते. इथं अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची नोंदणी लागते, ती ऑनलाइन होते. पहिल्याच महिन्यात याच्या मागं लागायची गरज नाही, चार-पाच साध्या स्पर्धा होऊ देत.

वयाचा हिशोब

यावर दर स्पर्धेला टेबलावर वाद होतो म्हणून नीट सांगते. महासंघाच्या पद्धतीत १ जानेवारी ही तारीख धरतात, स्पर्धेच्या दिवशी पोरगं किती वर्षांचं आहे ते नाही. चालू सालातून गटाचा आकडा वजा करायचा, जे साल येईल त्या सालाच्या १ जानेवारीला किंवा त्यानंतर जन्म पाहिजे. म्हणजे २०२६ मध्ये ९ वर्षांखालील गटात १ जानेवारी २०१७ किंवा त्यानंतरची पोरं. ३० डिसेंबर २०१६ चं पोरगं दोन दिवसांच्या फरकानं ११ च्या गटात जातं, वाईट वाटतं पण इलाज नाही. लहान पोराला मोठ्या गटात खेळता येतं, उलट नाही. स्थानिक स्पर्धेत आयोजक स्वतःची तारीख किंवा इयत्तेप्रमाणे गट लावू शकतात, आणि शालेय स्पर्धेचं परिपत्रक वेगळं असतं, त्यामुळं पत्रकावर काय छापलंय ते वाचा, व्हॉट्सॲप ग्रुपवर कोण काय म्हणालं त्यावर जाऊ नका. जन्मदाखल्याची आणि आधार कार्डाची झेरॉक्स बॅगेत कायम राहू दे, शालेय स्पर्धेला बोनाफाईडही.

फॉर्ममध्ये नाव जन्मदाखल्यावर आहे तसंच, त्याच स्पेलिंगनं लिहा. ही बारीक गोष्ट वाटते, पण पुढं रेटिंग आयडी निघतो तेव्हा तेच नाव चिकटतं.

बॅगेत काय

पत्रकात बहुतेक वेळा "खेळाडूंनी बुद्धिबळ संच आणि घड्याळ सोबत आणावे" असं असतं. लोक वाचत नाहीत आणि सकाळी धावपळ करतात. संच साधा प्लास्टिकचा पण नियमातल्या आकाराचा घ्या, चुंबकवाला प्रवासी पट चालत नाही. त्यात जादाचे दोन वजीर असतात का बघून घ्या, नसतील तर दुकानात मागून घ्या. आमच्या पोरीच्या डब्यात तेव्हापासून दोन जादा वजीर असतातच आणि डाव सुरू व्हायच्या आधी ती ते पटाच्या बाजूला मांडून ठेवते. प्रत्येक सोंगटीच्या बुडाला पेनानं खूण करा, शंभर पोरांच्या हॉलमध्ये एक घोडा हरवला की सापडत नाही. डिजिटल घड्याळ महाग आहे, पहिल्या स्पर्धेसाठी कुणाकडून तरी मागून आणा पण घरी दोन-तीन दिवस वापरून बघा, ज्या पोरानं घड्याळ आयुष्यात पहिल्यांदा स्पर्धेतच बघितलंय ते दाबायला विसरतंच.

बाकी पाण्याची बाटली, दोन पेनं, स्वेटर कारण काही हॉलमध्ये पंखे जोरात असतात, आणि खायला. दुपारच्या सुट्टीत कोपऱ्यावरची मिसळ दिसते आणि मोह होतो, पण पोराला तेव्हा तिखट नको. दही-भात, केळी, घरची पोळी-भाजी. मिसळ संध्याकाळी सगळं आटपल्यावर.

घरचे नियम आणि तिथले नियम

आपल्याकडं बरीच पोरं आजोबांकडून खेळ शिकतात, माझीपण तशीच शिकली आणि त्याचा मला अभिमान आहे. फक्त आजोबांचे नियम देशी. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, राजाला एकदा घोड्याची चाल मिळते, कॅसलिंग (राजा हत्तीकडं दोन घरं सरकवून हत्ती त्याच्या पलीकडं ठेवायची चाल) नाही, आणि प्यादं ज्या घरात पोचेल त्या घरची सोंगटी होते. स्पर्धेत यातलं काहीच चालत नाही. प्यादं पहिल्यांदा दोन घरं जाऊ शकतं, पोचलेल्या प्याद्याचा कुठल्याही घरात वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा करता येतो, पटावर आधीचा वजीर असला तरी दुसरा करता येतो.

कॅसलिंग करताना राजा आणि तो हत्ती आधी हललेले नसावेत, मधली घरं मोकळी, राजा शहात नसावा, ज्या घरावरून जातो आणि ज्या घरात बसतो तिथं समोरच्याचा मारा नसावा. आणि हात आधी राजाला लावायचा, मग हत्तीला, एकाच हातानं. आधी हत्तीला हात लावला तर त्या चालीला त्या बाजूचं कॅसलिंग गेलं, हत्तीच हलवावा लागतो.

एन पासंट मात्र खास शिकवा. समोरच्याचं प्यादं दोन घरं उडी मारून आपल्या पाचव्या पट्टीतल्या प्याद्याच्या शेजारी येऊन बसलं तर ते एकच घर सरकलंय असं धरून मारता येतं, पण लगेच पुढच्याच चालीत. ज्या पोराला हे माहीत नाही ते "यानं माझं प्यादं चोरलं" म्हणून रडत बाहेर येतं, मी स्वतः बघितलंय.

पट मांडताना उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर आणि वजीर आपल्या रंगाच्या घरात. चुकून उलटा मांडला तर दहा चालींच्या आत पंचांना सांगायचं, रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळाच्या डावात, दोघांच्या दहा-दहा चाली झाल्या की तक्रार चालत नाही, डाव तसाच पुढं.

स्पर्धेची सकाळ आणि स्विस पद्धत

रिपोर्टिंगच्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचा. यादीत पोराचं नाव, गट, शाळा बरोबर आहे का बघा, चुकलं असेल तर तेव्हाच सांगा, पहिली फेरी पडल्यावर बदल करणं पंचांना जड जातं.

आपण कोल्हापूरकर कुस्ती बघत वाढलेलो, खासबागेत पाठ टेकली की निकाल लागला. त्यामुळं बऱ्याच पालकांना वाटतं पहिली फेरी हरलो म्हणजे बाद, आणि पोराला घेऊन निघतात. तसं नसतं. बुद्धिबळात बहुतेक स्पर्धा स्विस पद्धतीनं, म्हणजे सगळी पोरं सगळ्या फेऱ्या खेळतात, पाच म्हणा सात म्हणा, कुणी बाद होत नाही. जिंकलं की एक गुण, बरोबरीला अर्धा, हरलं की शून्य, आणि पुढच्या फेरीत जवळपास तेवढ्याच गुणांचा जोडीदार येतो. पहिल्या फेरीत यादीचे दोन भाग करून वरच्या भागातला पहिला खालच्या भागातल्या पहिल्याशी असं लावतात, म्हणून नवीन पोराला पहिल्याच फेरीत एकदम तगडा खेळाडू येऊ शकतो. त्यात नशिबाला दोष देऊ नका. दोन फेऱ्या गेल्या की आपल्या तोडीची पोरं समोर यायला लागतात आणि खरा खेळ तिथून सुरू होतो. एकाच खेळाडूशी परत गाठ पडत नाही, आणि पांढरे-काळे शक्यतो आलटून पालटून येतात.

पोरांची संख्या विषम असली की एकाला बाय मिळतो, म्हणजे खेळायचं नाही पण पूर्ण एक गुण. तो साधारण खालच्या गुणांवर असलेल्याला जातो आणि एकदाच मिळतो. पोरगं "मला खेळायलाच दिलं नाही" म्हणून हिरमुसतं, तेव्हा आधी सांगून ठेवा.

पेअरिंग, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याची यादी, भिंतीवर लावतात आणि हल्ली चेस-रिझल्ट्स साइटवर पण येते, कारण पंच स्विस मॅनेजर सॉफ्टवेअर वापरतात. तिथून टेबल नंबर आणि रंग पोराला स्वतः वाचू दे. उशीर झाला तर पांढऱ्याचं असो काळ्याचं असो घड्याळ थांबत नाही, आणि पत्रकात दिलेली मुदत, कुठं दहा मिनिटं कुठं पंधरा, संपली की समोरच्याला गुण. स्पर्धा मधेच सोडून जायचं असेल तर पंचांना सांगून जा. नाहीतर पुढच्या फेरीत कुणाचं तरी पोरगं रिकाम्या खुर्चीसमोर बसून राहतं.

पटावर बसल्यावर

इथं जरा सविस्तर लिहिते कारण सगळे घोळ इथंच होतात.

हात लावला की चाल. आपल्या सोंगटीला चाल करायच्या हेतूनं हात लागला तर तीच हलवायची, समोरच्याच्या सोंगटीला लागला तर शक्य असेल तर तीच मारायची. चाल करून सोंगटी सोडली की संपलं, परत घेता येत नाही. सोंगटी नुसती घरात नीट बसवायची असेल तर आधी "ॲडजस्ट" म्हणायचं आणि मग हात लावायचा, ते पण आपली पाळी असताना. घरी आपण पोरांना चाल परत घेऊ देतो, ती सवय स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी पूर्ण बंद करा. लहान पोरांचा हात डोक्याच्या आधी धावतो, त्यावर एका कोचनी दिलेला उपाय म्हणजे विचार करताना दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचं. खरंच उपयोग होतो.

घड्याळ ज्या हातानं चाल केली त्याच हातानं दाबायचं, आपटायचं नाही. रॅपिड म्हणजे प्रत्येकाला दहा मिनिटांपेक्षा जास्त आणि साठपेक्षा कमी वेळ. पोरांच्या स्पर्धेत १५ मिनिटं आणि प्रत्येक चालीला १० सेकंद असं बऱ्याचदा असतं, म्हणजे साठ चालींचा डाव झाला तरी एकेकाला पंचवीस मिनिटं मिळतात. नवीन पोरं चार मिनिटांत डाव हरून बाहेर येतात आणि घड्याळात त्यांची बारा-तेरा मिनिटं तशीच शिल्लक असतात. पोराला एवढंच सांगा की वेळ तुझा आहे, वापर.

वेळ संपला तर हार, फक्त समोरच्याकडं कुठल्याही प्रकारे मात होण्याइतक्या सोंगट्याच नसतील, समजा नुसता राजा उरलाय, तर बरोबरी.

बेकायदा चाल म्हणजे नियमात न बसणारी चाल करून घड्याळ दाबलं ती. शहात असलेला राजा तसाच ठेवला, उंट सरळ गेला, प्यादं शेवटच्या पट्टीत नेऊन सोंगटी न बदलता घड्याळ दाबलं, दोन हातांनी चाल केली, चाल न करताच घड्याळ दाबलं, हे सगळं त्यात येतं. पहिल्या वेळी समोरच्याला दोन मिनिटं जास्त मिळतात, ब्लिट्झमध्ये, म्हणजे रॅपिडपेक्षाही कमी वेळाच्या डावात, एक मिनिट. दुसऱ्यांदा झालं की डाव गेला. आणि हे उलट बाजूनं पण लक्षात ठेवा, रॅपिडमध्ये समोरच्यानं बेकायदा चाल केली आणि पंचांच्या नजरेत आली नाही तर आपल्यालाच सांगावी लागते, ती पण आपली पुढची चाल करायच्या आधी. आपण चाल केली की त्याची ती चाल तशीच राहते. पोरं काय करतात, समोरच्यानं राजा शहात ठेवला की आनंदानं राजा मारून टाकतात. राजा मारायचा नाही. घड्याळ थांबवायचं, हात वर करायचा, पंच येईपर्यंत पटाला हात लावायचा नाही, आणि आल्यावर सरळ वाक्यात सांगायचं: "सर, याचा राजा शहात होता आणि यानं दुसरी चाल केली."

वजीर करताना सोंगटी जवळ नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडं मागायची. उलटा हत्ती ठेवून तो वजीर म्हणायची पद्धत घरी चालते, तिथं तो हत्तीच धरतात.

"शह" म्हणायची सक्ती नाही. समोरच्यानं शह दिल्यावर सांगितलं नाही ही तक्रार होऊ शकत नाही.

आणि "मात". समोरचं पोरगं मोठ्या आवाजात "चेकमेट" म्हणतं, हात पुढं करतं, आपलं पोरगं बावरून हात मिळवतं, आणि मग बाहेर आल्यावर कळतं की राजाला एक घर होतं. हात मिळवला, हार मान्य केली, आता काही होत नाही. पोराला पक्कं शिकवा की कोणीही मात म्हणालं तरी आधी तीन गोष्टी बघायच्या: राजाला जायला घर आहे का, मधे काही घालता येतं का, शह देणारी सोंगटी मारता येते का. तिन्ही नाहीत तरच हात. शंका असेल तर हात वर.

त्याच्या उलट स्टेलमेट, म्हणजे शह नाही पण एकही चाल शिल्लक नाही, ती बरोबरी. दोन-दोन वजीर घेऊन एकट्या राजाला कोंडणारी पोरं प्रत्येक स्पर्धेत दिसतात. हत्ती आणि राजानं, वजीर आणि राजानं मात करायचा सराव घरी वीस वेळा करून घ्या, कुठल्याही ओपनिंगपेक्षा याचे गुण जास्त मिळतात.

बरोबरीचा प्रस्ताव आपली चाल करून, घड्याळ दाबायच्या आधी द्यायचा. समोरच्यानं विचारलं म्हणून हो म्हणायलाच पाहिजे असं अजिबात नाही, हरणारं पोरगंच जास्त वेळा विचारतं. सारखं विचारून त्रास देत असेल तर तेही पंचांना सांगायचं. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली किंवा पन्नास चालींत प्यादं हललं नाही आणि काही मारलंही गेलं नाही तर बरोबरी मागता येते, पण स्वतः मागावी लागते. चाली लिहीत नसलेल्या लहान पोराला ते सिद्ध करणं अवघड जातं, तेव्हा तेच ते चाललंय असं वाटलं की आधीच पंचांना बोलावून उभं करणं बरं.

नोटेशन, म्हणजे चाली लिहून ठेवणं, रॅपिडमध्ये सक्तीचं नाही. एक तासाच्या किंवा मोठ्या डावात लिहावं लागतं. राजाला के, वजिराला क्यू, हत्तीला आर, उंटाला बी, घोड्याला एन, प्याद्याला काही नाही, फक्त घराचं नाव. घरी रोज एक डाव लिहून खेळलात तर महिन्यात जमतं.

लघवीला जायचं असेल तर पंचांना विचारून, घड्याळ मात्र चालूच राहतं. म्हणून प्रत्येक फेरीच्या आधी जाऊन यायला लावा. आणि मोबाइल किंवा स्मार्टवॉच अंगावर सापडलं तर डाव जातो, वापरत असो नसो. पोराच्या हातातलं ते खेळण्यातलं घड्याळ पण काढून ठेवा.

डाव संपल्यावर

सोंगट्या लगेच गोळा करायच्या नाहीत, पंच येऊन निकाल लिहून घेईपर्यंत पट तसाच. चिठ्ठी असेल तर दोघांची सही होते. पांढरा जिंकला तर एक-शून्य, काळा जिंकला तर शून्य-एक, पोरं आपलं आधी लिहितात आणि निकाल उलटा होतो. सही करायच्या आधी वाचायचं, कारण दोघांनी सही केलेला निकाल साधारण कायम राहतो.

मग बाहेर लागलेल्या यादीत गुण बरोबर चढलेत का ते दर फेरीला बघा. एका स्पर्धेत आमचा जिंकलेला डाव हरलेला म्हणून चढला होता, मी न बघता चहाला गेले, आणि परत येईपर्यंत पुढची पेअरिंग त्याच चुकीच्या गुणांवर पडून पोरं खेळायला बसली पण होती. नंतर दुरुस्त झालं, पण ती फेरी तिला खालच्या टेबलावर खेळावी लागली. दोन मिनिटांचं काम होतं.

आपण बाहेर काय करायचं

हॉलमध्ये फोटोसाठी पाच मिनिटं सोडतात, मग बाहेर जायचं म्हणजे जायचं. खिडकीतून खुणा करायच्या नाहीत. कुणाचा झेंडा पडला म्हणजे घड्याळातला वेळ संपला, कुणी बेकायदा चाल केली, हे दिसलं तरी प्रेक्षकानं बोलायचं नसतं, आपल्या पोराच्या बाजूनं असलं तरी. तक्रार असेल तर ती डाव चालू असताना पोरानंच करायची असते. पंचांचा निर्णय पटला नाही तर मुख्य पंचांकडं दाद मागता येते, आणि पत्रकात अपील समिती असेल तर तिच्याकडं, पण लगेच, पुढची फेरी पडायच्या आधी, आवाज न चढवता. पंच सकाळपासून उभे असतात, शंभर पोरांचे हात वर असतात.

हरून बाहेर आलेल्या पोराला पहिला प्रश्न "कसा काय हरलास" हा विचारू नका. पाणी द्या. डाव घरी गेल्यावर लावून बघता येतो, पुढची फेरी वीस मिनिटांत असते.

गुण सारखे झाले तर

सात फेऱ्यांत तुमच्या पोरीचे पाच आणि अजून सहा जणांचे पण पाच, मग नंबर टायब्रेकनं ठरतो. सगळ्यात चालणारा बुकोल्ट्झ, म्हणजे तुमच्याशी खेळलेल्या सगळ्यांच्या गुणांची बेरीज. तिच्या प्रतिस्पर्ध्यांची बेरीज २६ आणि दुसऱ्याच्या २३ असेल तर ती वर. थोडक्यात, ज्याच्या वाट्याला तगडी पोरं आली तो वर. म्हणून पहिल्या फेरीत ज्याच्याकडून हरलो त्यानं पुढं जिंकत राहावं हे आपल्याच फायद्याचं असतं. टायब्रेकचा क्रम पत्रकात दिलेला असतो. बऱ्याच ठिकाणी एका खेळाडूला एकच बक्षीस असतं, गटातलं किंवा मुलींमधलं, जे मोठं ते, आणि वाटपाला हजर नसाल तर ट्रॉफी नंतर मिळत नाही, एवढं वाचून मग परतीची एसटी ठरवा.

पुढं काय

चार-पाच स्पर्धा झाल्या आणि पोराला स्वतःहून जायचं असेल तर महासंघाची नोंदणी करा, रेटिंग स्पर्धा बघा. पहिलं रेटिंग मिळायला रेटिंग असलेल्या खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात, आणि मार्च २०२४ पासून फिडे रेटिंगची खालची मर्यादा १४०० झालीय, आधी १००० होती. त्यामुळं आता पहिलं रेटिंग मिळणं पूर्वीपेक्षा अवघड आहे, वर्षभर लागलं तरी घाबरू नका. नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली तेव्हापासून आमच्याकडं मुलींच्या गटात गर्दी वाढलेली दिसतेय, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

घरचा सराव, हा चुकवू नका

स्पर्धेच्या आठवड्यात रोज एक डाव असा खेळा ज्यात तुम्ही मुद्दाम चुका करायच्या. राजा शहात ठेवून दुसरीच सोंगटी हलवा. हत्तीला हात लावून घोडा खेळा. मात नसताना "मात" म्हणून हात पुढं करा. प्यादं शेवटच्या पट्टीत ठेवून तसंच घड्याळ दाबा. आणि घरातल्या कुणाला तरी पंच म्हणून दुसऱ्या खोलीत बसवा, जवळ नको, म्हणजे बोलवावं लागेल. आमच्याकडं पंच आजोबा. पहिले दोन दिवस ती नुसतीच "मम्मी, असं नसतंय" म्हणून माझ्याशी भांडत बसली आणि तिचं घड्याळ पळत राहिलं. तिसऱ्या दिवशी मी राजा शहात ठेवला, तिनं काही न बोलता घड्याळाचं मधलं बटण दाबलं आणि हात वर केला. आजोबा चष्मा लावत आले, पट बघितला, माझी चाल मागं घ्यायला लावली आणि तिच्या घड्याळात दोन मिनिटं वाढवून दिली.